पत्र्यावर दोन थापा

सर्कल जवळ आलं तसा सहादेवने वेग कमी केला आणि पिकअप रस्त्याच्या डाव्या कडेला घेतली. राजनंदिनीला राहवलं नाही.

"आण्णा, आपल्याला उजवीकडे वळायचंय ना, पारनेरला? मग आतली लेन धरायची. ही डावीकडे जाणाऱ्यांची."

"म्हाईत हाय मला."

"मग घ्या की आत."

राजनंदिनीला लायसन मिळून जेमतेम महिना झाला होता, आणि नव्या लायसनवाल्याला बाकीचे सगळे ड्रायव्हर अडाणीच वाटतात. तिचा जन्म व्हायच्या आधीपासून बाप गाडी चालवतो आहे, ही गोष्ट तिच्या लेखी जमेस नव्हती. मोटार स्कूलच्या सरांनी सर्कलचं चित्र काढून दाखवलं होतं आणि त्या चित्रात आण्णा चुकत होते.

दोघांच्या मध्ये छबूबाई अंग चोरून बसली होती. सकाळी देवळालीहून निघताना खिडकीवरून मायलेकींची चांगलीच जुंपली होती. छबूबाई खिडकी सोडायला तयार नव्हती, आणि राजनंदिनी आधीच चढून तिथे बसली होती. उलटी होते, वारा लागतो, असं काहीबाही राजनंदिनीने सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. खिडकीबाहेर हात काढून दाराचा पत्रा बडवायचा, हे आईचं अलीकडचं खूळ होतं. ट्रकचा क्लीनर करतो तसं. एक थाप म्हणजे थांबा, दोन म्हणजे येऊ द्या. हॉस्टेलवरून घरी आल्यापासून राजनंदिनीने ते दोनदा पाहिलं होतं आणि दोन्ही वेळा तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. नर्सरीची रोपं पोचवायला आईने प्रत्येक फेरीला कशाला यायचं, हेही तिला कळत नव्हतं. पण तिच्या मते आईला फिरायची हौस आली होती, आणि तो विषय तिथे संपत होता.

"घ्या ना आत," ती पुन्हा म्हणाली. "मागचे हॉर्न मारतायत."

सहादेवने एकदा बायकोकडे पाहिलं. मग त्याने गाडी आतल्या लेनमध्ये घेतली. उजवीकडून येणारी एस.टी. जाऊ दिली, मागून आलेला उसाचा ट्रॅक्टर जाऊ दिला आणि तो सफाईने सर्कलमध्ये शिरला. राजनंदिनीने मनातल्या मनात बापाला पास केलं.

पारनेरचा फाटा आला. सहादेवने इंडिकेटर दिला, स्टिअरिंग जरासं डावीकडे वळवलं आणि पुन्हा सरळ केलं. फाटा मागे पडला.

"सुटला की रस्ता," राजनंदिनी हसली.

गाडी पुन्हा गोल फिरून फाट्याशी आली. इंडिकेटर टिकटिकत होता. त्याने मान डावीकडे वळवली, पण इतकी वळवली की समोरचं दिसेना. लगेच सरळ केली. फाटा पुन्हा गेला. मागे टोमॅटोच्या रोपांचे ट्रे एका बाजूला सरकल्याचा आवाज झाला. सहादेवच्या कानशिलावरून घाम ओघळत होता. आता राजनंदिनी हसत नव्हती.

"राजे, मागं सर," छबूबाई म्हणाली.

"काय?"

"सर म्हनते ना."

छबूबाई लेकीच्या मांडीवरून आडवी झाली, तिने डोकं खिडकीबाहेर काढून मागे पाहिलं आणि हात बाहेर घातला. पत्र्यावर एक थाप. डावीकडून एक मोटारसायकल सुसाट निघून गेली. मग दोन थापा, पाठोपाठ. सहादेवने तत्क्षणी गाडी डावीकडे काढली आणि पिकअप पारनेरच्या रस्त्याला लागली.

पारनेरजवळच्या मळ्यात रोपं उतरवताना सहादेव मळेवाल्याशी नेहमीसारखा बोलत होता. बापाचा डावा डोळा राजनंदिनी पहिल्यांदाच नीट पाहत होती. दिसायला तो उजव्यासारखाच होता. पाण्याच्या टाकीपाशी तिने आईला गाठलं.

"कधीपासनं?"

"दिवाळीच्या आधीपासनं. काचबिंदू म्हनत्यात. गेलेली नजर काय परत येत न्हाई."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"तुजी परीक्षा हुती." छबूबाईने पदराला हात पुसले. "आन तेच नको म्हनले. राजीला कळलं तर ती माज्या गाडीत बसायची न्हाई, म्हनले."

राजनंदिनीला रडू आलं, आणि ते आईला दिसू नये म्हणून तिने टाकीच्या पाण्याने तोंड धुतलं. तिला स्वतःचा राग आला होता. त्याहून जास्त भीती वाटत होती. रोज ही दोन माणसं एका पत्र्याच्या भरवशावर हमरस्त्याने जात होती.

गाडीपाशी येऊन तिने बापापुढे हात केला.

"किल्ली द्या, आण्णा."

सहादेवने तिच्याकडे पाहिलं, मग छबूबाईकडे. छबूबाई रिकामे ट्रे एकात एक बसवत राहिली. त्याने शर्टच्या खिशातून किल्ली काढली, थोडा वेळ मुठीत धरली आणि लेकीच्या हातावर ठेवली. मग गाडीला वळसा घालून तो डाव्या दाराशी गेला. छबूबाई आधी चढली आणि मध्ये बसली.

परतताना नगरात जाऊन रोपांच्या ट्रेत भरायच्या कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या भुशाची, पोती घ्यायची होती, म्हणजे सर्कलला पुन्हा उजवीकडेच वळायचं होतं. राजनंदिनीने आतली लेन धरली. कुठून शिरायचं, कुठे थांबायचं, हे कुणी सांगितलं नाही. सहादेव हात मांडीवर ठेवून समोर बघत होता, परक्याच्या गाडीत बसल्यासारखा.

नगरचा रस्ता आला. आरशात डावी बाजू स्वच्छ मोकळी होती. राजनंदिनीने इंडिकेटर दिला, पण गाडी वळवली नाही. रस्ता मागे पडला.

"सुटला की गं," छबूबाई म्हणाली.

"क्लीनर काही बोलंना," राजनंदिनी समोर बघत म्हणाली. "त्याने सांगितल्याशिवाय गाडी बाहेर कशी घ्यायची?"

गाडी गोल फिरत राहिली. सहादेवने हळूच काच पूर्ण खाली केली. नगरचा रस्ता पुन्हा जवळ आला तेव्हा तो सीटवर आडवा वळला, उजव्या डोळ्याला दिसेल इतकी मान बाहेर काढून त्याने मागे पाहिलं, चांगलं सावकाश पाहिलं. मग हात बाहेर घातला.

पत्र्यावर दोन थापा पडल्या. राजनंदिनीने गाडी बाहेर घेतली.