ना-हरकत पत्रातलं 'परंतु'

सहासष्ट वर्षांच्या अनुराधाबाईंनी डॅन्यूब नदीवरच्या क्रूझचं बुकिंग केल्याचं शारजातल्या अल नहदा भागातल्या फ्लॅटमध्ये जेवताना सांगितलं.

"एकटी?" मुलगा सिद्धांत म्हणाला.

"बोटीत दीडशे माणसं आहेत."

"आई, व्हिएन्ना, बुडापेस्ट ठीक आहे. पण मधले दोन दिवस वाईन कंट्री! इथल्या मराठी मंडळात लोकांना काय सांगू?"

"सांग, आई द्राक्षं बघायला गेलीय. नाशिकला तीस वर्षं पोरांना वेलींचे रोग शिकवले. आता निरोगी वेल बघते."

सून आभाने हसू पाण्याच्या ग्लासात बुडवलं.

अडचण एकच होती. अनुराधाबाई मुलाच्या व्हिसावर राहत होत्या, आणि युरोपच्या व्हिसासाठी त्याचं ना-हरकत पत्र हवं होतं. अपॉइंटमेंट गुरुवारची. बुधवारी सकाळी सिद्धांतने पत्र हातात दिलं : 'माझी हरकत नाही, परंतु सोबत जबाबदार व्यक्ती असावी.'

बाईंनी लाल पेनाने 'परंतु'पासून पुढे रेघ मारली. ज्याचे लंगोट आपण बदलले तो आपल्याला कोणाच्या तरी हवाली करतोय, याची त्यांना गंमत वाटली. फार नाही.

मग त्यांनी पर्समधून नातीच्या, ओवीच्या, स्कूलबसचं कार्ड काढलं. ते दाखवल्याशिवाय बसमधली मावशी सात वर्षांच्या पोरीला खाली सोडत नाही, आणि दुपारी अडीचला ते घेऊन उन्हात उभी राहणारी घरात एकच होती.

"हे ठेव तुझ्याकडे. माझा इथला व्हिसा रद्द कर. मी नाशिकला जाऊन अर्ज करीन. तिथे मुलाची चिठ्ठी लागत नाही."

"आई, हे ब्लॅकमेल आहे!"

"नोटीस आहे. तुमच्या ऑफिसात महिन्याची देतात, मी आजची देतेय. खलास."

"आजी, कॅन आय कम?" दप्तर पाठीला लावत ओवी म्हणाली.

"आधी बाबाला हरकत आहे का विचार."

सिद्धांतने आभाकडे पाहिलं. आभाची अडीचला मीटिंग होती. तिने त्याच्यापुढे कोरा कागद सरकवला.

त्याने लिहिलं. एकच ओळ. सही करताना पुटपुटला, "तिकडे काही झालं म्हणजे?"

"काहीतरी व्हावं म्हणूनच चाललेय," बाई म्हणाल्या. "तारीख घाल."