नखातही रोग नाही

माझ्या नखातही रोग नाही, हे मी सातपूरच्या कारखान्यात छत्तीस वर्षं छाती ठोकून सांगत आलो. त्यामुळे एका साध्या गोळीसाठी मेडिकलमधल्या तृप्तीने उलटतपासणी सुरू केली, तेव्हा माझं डोकंच फिरलं.

गुडघा टम्म सुजला होता. टाकी धुवायला शिडीवर चढलो आणि उतरताना पाय लचकला. दुसऱ्या दिवशी निफाडला आमच्या वेदिकाच्या मुलीचं बारसं. दुसरं बाळंतपण सासरीच करायचं ठरलं, म्हणून आमची मंडळी, म्हणजे चतुराबाई, पंधरा दिवसांपासून तिथेच मुक्कामाला. आजोबाच नाही तर बारसं कसलं? मला आमचा यादव घेतो ती सुजेवरची गोळी हवी होती.

"काका, हृदयाचा काही त्रास?"

"नाही."

"बीपी, किडनी, दमा?"

"नाही."

"पोटात अल्सर? संडासवाटे कधी रक्त?"

"अगं, गोळी देतेस की सोयरीक जुळवतेस?"

ती हसली, पण हात काही फळीकडे गेला नाही. "रोजच्या कुठल्या गोळ्या चालू आहेत? रक्त पातळ व्हायची वगैरे?"

इथे मी अडकलो. गोळ्या तर चालू होत्या. दोन वर्षांपूर्वी पुतण्याच्या लग्नात मला दरदरून घाम फुटला, चार दिवस दवाखान्यात ठेवलं. पित्त उसळलं, असं बायको म्हणाली. तेव्हापासून सकाळी तीन आणि रात्री दोन गोळ्या ती माझ्या तळहातावर ठेवते आणि मी गिळतो. एक पित्ताची, बाकीच्या ताकदीच्या.

"नावं काय त्यांची?"

"ते बायकोला माहीत."

निफाडला जाताना तिने जुन्या कॅलेंडरची पानं फाडून पुड्या बांधून ठेवल्या होत्या. प्रत्येकीवर तारीख आणि 'सकाळ' किंवा 'रात्र'. आत सुट्ट्या गोळ्या. रात्रीची पुडी खिशातच होती, ती मी उघडून दाखवली. तृप्तीने गोळ्या उलटसुलट करून पाहिल्या.

"सुट्ट्या गोळीवरून मी खात्रीने नाही सांगू शकत. काकूंना फोन करा. कळल्याशिवाय दुखण्याची गोळी घेऊ नका, काका."

मी तरातरा, म्हणजे लंगडत, बाहेर पडलो. शेजारच्या टपरीवर यादव चहा पीत होता. कारखान्यात माझ्या बाजूच्या मशीनवर होता तो. माझी कहाणी ऐकून त्याने खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं, त्यातली एक माझ्या हातावर ठेवली. "टाक चहाबरोबर. ह्या पोरींचं काय ऐकतो?"

चहा आला. गोळी तळहातावर. पण त्या पोरीने डोक्यात किडा सोडला होता. पित्ताला दोन वर्षं गोळ्या? आणि ही बया गोळ्या पाकिटातून काढूनच का देते? विचारलं तर म्हणायची, डबा लहान आहे. डबा तर चांगला लाडवांचा आहे! मला काहीच उमगेना. शेवटी फोन लावला.

"अगं, मेडिकलवाली विचारते, मला हृदयाचा त्रास आहे का. काय सांगू?"

पलीकडे बाळ रडत होतं. मग तिचा आवाज आला, "अहो, गोळी घेतली का?"

"मी काय विचारतोय..."

"घेतली का, ते सांगा आधी!"

"नाही. हातात आहे."

"फेका ती. आधी फेका." आणि ती रडायलाच लागली. "पित्त नव्हतं ते. झटका होता. रक्त पातळ करायची गोळी देते मी तुम्हाला. दुखण्याची गोळी विचारल्याशिवाय द्यायची नाही, असं डॉक्टरांनी दहादा बजावलंय."

"मग पित्ताची कुठली?" मी खुळ्यासारखं विचारलं.

"तुम्हीच म्हणायचात ना, मला सांगू नका म्हणून."

म्हणायचो. चार माणसं जमली की म्हणायचो. माझ्या वडिलांना डॉक्टरने हृदयरोग सांगितला, त्यांनी अंथरूण धरलं आणि पंधरा दिवसांत गेले. म्हातारा रोगाने नाही, रोगाच्या नावाने गेला. मला काही झालं तर मला सांगायचं नाही, अशी माझी आज्ञा होती. तिने ती पाळली. दोन वर्षं भीती एकटीने पोटात ठेवली आणि मी गावभर छाती ठोकत फिरलो. आता रागवायचं कुणावर, तेच कळेना. लाज मात्र वाटली, खूप वाटली.

गोळी गटारात टाकली. परत मेडिकलच्या पायऱ्या चढलो. मागोमाग यादव.

"झालं का बोलणं, काका?" तृप्तीने विचारलं.

"तू पहिल्यापासून विचार."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "हृदयाचा काही त्रास?"

यादव ऐकत होता.

"आहे," मी म्हणालो.

तृप्तीने काउंटरमागचं स्टूल बाहेर काढलं आणि मला बसायला दिलं.