सणसरच्या सोडतीचा डबा

मी एक जुना पत्र्याचा सोडतीचा डबा आहे. बारामतीच्या दादासो पत्रेवाल्यांनी तेलाचा डबा कापून मला घडवलं आणि कडेला फिरवायची मूठ लावली. सणसरच्या जत्रेत मी वर्षानुवर्षं गरगर फिरलो. माझ्या पोटातून चिठ्ठी निघाली की टाळ्या पडत. पुढं लोक मोबाईलवरच सोडत काढू लागले आणि मी देवळामागच्या खोलीत सतरंज्यांखाली पडून राहिलो.

यंदा बचत गटाच्या मुक्ताबाईंनी मला बाहेर काढून राखेनं लख्ख घासलं. वस्तीवरच्या सात मुली चार किलोमीटरवरच्या हायस्कुलात आठवीला जाणार होत्या. सायकल नसेल तर त्यांतल्या प्राचीचे वडील तिची शाळाच बंद करणार होते. म्हणून मुक्ताबाईंनी ठरवलं, शेजारच्या अप्पांनी देऊ केलेली शेळी बक्षीस ठेवायची, तिकिटं विकायची आणि सायकली घ्यायच्या.

मला काखोटीला मारून त्या बँकेत गेल्या. "निकिता मॅडम, तिकिटं तुमच्या खिडकीवर ठिवा. बँकेचं नाव बघून लोक पटापटा घेतील."

"म्हणूनच ठेवता येत नाहीत, मावशी," शाखाधिकारी निकिता म्हणाल्या. "बँकेनं सोडतीत पडायचं नाही, असा नियम आहे. काम कितीही चांगलं असो. उद्या काही बिनसलं, तर लोक बँकेलाच विचारतील. आणि सरकारी परवानगीशिवाय तुम्हीही विकू नका."

"अवं, पोरींसाठी हाय! जुगार न्हाय ह्यो!" मुक्ताबाईंनी मला टेबलावर आदळलं. मग पुन्हा काखोटीला मारून त्या मला घरी घेऊन आल्या.

संध्याकाळी निकिता मॅडम एक सायकल ढकलत मुक्ताबाईंच्या दारात आल्या. "बँकेला जमत नाही. पण ही माझी स्वतःची. दोन वर्षं जिन्याखाली पडून आहे."

मुक्ताबाईंनी सायकलीभोवती एक फेरी मारली. मग खदखदून हसल्या. "आगं बया! अशा तर घरोघर पडल्यात की!"

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी दारं ठोठावली. आठवड्यात गोठ्यांतून, माळ्यांवरून आणखी सहा सायकली निघाल्या. अप्पांची शेळी अप्पांकडंच राहिली. त्या सहांतली एक सायकल त्यांनीच दिली, वर साऱ्यांची पंक्चरं काढली.

कोणती सायकल कुणाला? पुन्हा माझी मूठ फिरली. तिकीट नव्हतं आणि हरणारंही कुणी नव्हतं. प्राचीला अप्पांची उंच, दांडीची सायकल लागली. सीटवर बसून तिचे पाय पोचेनात. सारे हळहळले.

"मी वाढंन की!" म्हणत ती दांडीखालून पाय घालून निघालीसुद्धा.

मित्रांनो, पडून राहिलेली वस्तू गंजतेच. ज्याला तिची गरज आहे, त्याच्या हाती ती वेळेत द्या. आणि अधूनमधून तेलाचं बोट फिरवा. आम्ही जुन्या वस्तू याहून जास्त काही मागत नाही.