तिसऱ्या दिवशीचं ‘बरं आहे’

आजारपणाच्या अर्थशास्त्राचे दोनच कालखंड आहेत: माझ्या शोधनिबंधापूर्वीचा आणि नंतरचा. हे वाक्य माझं नाही. माझ्या निरोपसमारंभात कुलगुरू ते म्हणाले. त्यांना लिहून मात्र मी दिलं होतं.

शोध असा, की ऑपरेशननंतर रोग्याला सात दिवस खाट अडवू देणं ही निव्वळ उधळपट्टी. तिसऱ्या दिवशी घरी धाडावं, काही बिघडत नाही. पुरावा? घरी गेलेल्या चार हजार रोग्यांना आम्ही फोन करून ‘कसे आहात?’ विचारलं. शंभरातले त्र्याण्णव म्हणाले, ‘बरं आहे.’ त्र्याण्णव टक्के लोक बरे झाल्याचं मी जगाला कळवलं.

फोन करायला टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या एक बाई होत्या. एकदा त्या वही घेऊन आल्या.

“सर, माणसं ‘बरं’ म्हणतात खरी, पण कण्हत म्हणतात. त्याचं काय करू?”

“कण्हण्याला रकाना आहे का?”

“नाही.”

“मग झालं तर!”

बाईंनी वही मिटली. “तुमचं कसं आहे, सर? काल पाठ धरली होती ना?”

“बरं आहे की.” मी उठताना टेबलाचा आधार घेतला.

“तेच म्हणते मी,” म्हणून बाई गेल्या. मी त्यांचे शब्द मनावर घेतले नाहीत. त्यांनाही रकाना नव्हता.

इस्पितळांना नियम फार आवडला. मला प्राध्यापकपद मिळालं, परिषदांची आमंत्रणं मिळाली, आणि काचेचं एक जड स्मृतिचिन्ह मिळालं. वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून ते अजून उपयोगी पडतं.

मागच्या महिन्यात माझी थोरली बहीण न्हाणीघरात घसरली. खुब्याचं ऑपरेशन झालं. मी परिषदेत होतो. तिसऱ्या दिवशी ताईला घरी सोडलं. मी रोज फोन करायचो.

“ताई, कशी आहेस?”

“बरं आहे रे.”

चाळीस सेकंदांत फोन खाली. जेवायला मोकळा.

सहाव्या दिवशी तिच्या घरी गेलो. ताई एकटीच राहते; किल्ली सकाळ-संध्याकाळ डोकावणाऱ्या शेजारणीकडे होती. “ते नियमवाले तुम्हीच का?” एवढंच विचारून तिनं कुलूप उघडलं आणि निघून गेली.

आत पलंगापासून संडासाच्या दिशेनं फरशीवर ओरखडे उठले होते. ताई स्वयंपाकघरातली खुर्ची ढकलत, तिच्या आधारानं जात असणार. ओरखडे निम्म्या वाटेवर संपले होते. खुर्ची तिथंच उभी होती. ताई पलंगावर परतली होती. कशी, ते मी विचारलं नाही. उशाशी पाण्याचा ग्लास काठोकाठ भरलेला.

“पाणी का नाही प्यायलीस?”

“प्यायलं की उठावं लागतं.”

“अगं, फोनवर तर बरं आहे म्हणालीस!”

“मग काय म्हणू? ‘कशी आहेस’ विचारल्यावर कुणी खरं सांगत बसतं का, शहाण्या?”

हे वाक्य तीस वर्षांपूर्वी कुणी मला सांगितलं असतं तर, असं म्हणावंसं वाटलं. पण बाईंनी सांगितलं होतं.

“आणखी चार दिवस ठेवा म्हणायचंस ना!”

ताई भिंतीकडे बघत म्हणाली, “डॉक्टर म्हणाले, तिसऱ्या दिवशी घरी, मोठ्या विद्वानाचा नियम आहे. आणि मी आल्या दिवशीच सगळ्या वॉर्डाला सांगून बसले होते, तो विद्वान माझा भाऊ म्हणून. मग कुठल्या तोंडानं म्हणू, मला सोसत नाही?”

मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार हजार घरांतल्या फरशा डोळ्यांपुढे आल्या. तिच्याकडे बघवेना, म्हणून मी उभा राहिलो आणि, सवयीनं, भाषण केलं. निबंध मागे घेणार, जाहीर माफी मागणार, एकेका इस्पितळाला पत्र लिहिणार! लगेच खिशातून पेन काढलं. पहिलं वाक्य सुचलंही: ‘मानवजातीच्या इतिहासात चुका पुष्कळ झाल्या, परंतु…’ मोठ्यानं वाचूनही दाखवलं.

ताईनं शांतपणे ऐकून घेतलं.

“झालं?”

“झालं.”

“छान आहे. आता ते पेन ठेव आणि मला संडासापर्यंत धर. सकाळपासून थांबलेय.”