देवीपुढचा नमस्कार

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षे झाली असतील. पनवेलच्या खाडीत ओहोटीबरोबर सासू चंद्रावती आणि सून भामा होडीतून खडकांना चिकटलेली कालवे काढायला निघाल्या होत्या. तीरावरचे देवीचे देऊळ दिसताच चंद्रावती नित्यनेमाप्रमाणे उभी राहून हात जोडू लागली. मोठ्या पडावात ते शोभले असते. ही तर अरुंद होडी. ती क्षणात उलटली आणि दोघीही पाण्यात पडल्या.

भामाने वर येताच सासूचा दंड धरला आणि तिचे हात होडीच्या पाठीवर टेकवले.

"काठ जवलच हाय. मी पोवत जाते," चंद्रावती म्हणाली.

"नाय आत्याबाय! दिसतो जवल, पन ओहोटी तुमाला दर्यान नेल. होडी सोरायची नाय."

"लगीन होऊन वरीस नाय झाला, आन मना शिकवते!"

"घरी गेल्याव शिव्या द्या. आता धरा."

सासूने होडी घट्ट धरली. दोघींनी मिळून होडी सुलटी केली. वल्हे आणि डबा दोरीने बांधलेले होते, म्हणून वाचले. भामाने बाहेरूनच डब्याने पाणी उपसले. मग सासूला पलीकडची कड दाबून धरायला लावून ती पाय झाडत, पोटावर सरकत आत शिरली. तोल सावरून तिने सासूलाही तसेच ओढून घेतले.

चंद्रावती होडीच्या तळाशी पालथी पडली. कपाळ टेकलेले, हात पुढे पसरलेले, आणि समोरच देऊळ.

"आता उठू नका," वल्हे सोडवत भामा म्हणाली. "देवीला पोचला तुमचा नमस्कार."

सासू तशीच पडून हसली. "बरा गो बाय. तू वल्हव."