भागरथाबाईची मातीची बांगडी

ओल्या मातीची वळी दोन तळहातांमध्ये फिरताना अगदी बारीक, रेशमी आवाज होतो. तो ऐकला की मला सावली गावाकडची भागरथाबाई आठवते. पौषातलं कोवळं ऊन, धान कापलेल्या बांध्यांतून, म्हणजे भाताच्या खाचरांतून, डोळे उघडणारी लाखोरीची निळी फुलं, आणि धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उकिडवी बसलेली ती कृश, सावळी, पांढऱ्या केसांची बाई. वळीची दोन टोकं जुळवून ती मातीची बांगडी करी. बांगडी न तडकता जुळली तर त्या शेतात पाणी ठरणार, तडकली तर झिरपून जाणार, इतकं साधं तिचं शास्त्र होतं.

पन्नासच्या दशकात मी माती तपासायच्या सरकारी कामावर त्या मुलखात हिंडत होतो. माझ्याजवळ जमिनीत खुपसायचं लोखंडी गिरमिट होतं, काचेच्या नळ्या होत्या आणि नव्या नोकरीचा ताठा होता. माझ्या नळ्या दोन दिवसांनी जे सांगत, ते ही अंगठाबहाद्दर बाई चार घटकांत सांगून मोकळी होई. मला आनंद व्हायला हवा होता; खरं सांगायचं तर नाकाला मिरच्या झोंबल्या.

त्या गावांची एक रीत होती. मुलगी द्यायची ठरली, की मुलाकडच्या बांधीतली मूठभर माती फडक्यात बांधून भागरथाबाईकडे आणायची. पोरगी ज्या मातीवर जेवणार, ती पाणी धरते का, हे आधी पाहायचं; मानपान मागाहून. तिच्या बांगडीवर कितीतरी सोयरिकी जुळल्या होत्या. पण मी गेलो तेव्हा तिनं फडकं सोडणंच सोडलं होतं. माती घेऊन कुणी आलं, तर ती काठी टेकत कोस-दोन कोस चालत त्या शेतावर जाई, कमरेइतका खड्डा खणायला लावी आणि स्वतः आत उतरे. म्हातारीला चळ लागला, असं लोक हसून म्हणत. मीही एकदा हसत कारण विचारलं. तिनं हातातली वळी थांबवली नाही. मान खाली घालूनच सांगत राहिली.

यमुना तिची एकुलती लेक. तिच्या सासरच्यांनी माती आणली, ती काळीभोर कन्हार. बांगडी अशी जुळली, की सांधा दिसेना. भागरथाबाईनं शब्द दिला आणि लेक दिली. फसवलं कुणीच नव्हतं. हलकी जमीन सुधारावी म्हणून ते लोक दर उन्हाळ्यात तलावातला गाळ गाड्यांनी आणून शेतात पसरत, तसा तर सगळेच पसरतात. वरची वीतभर माती तलावाची होती आणि खाली नुसती रेती. एका वर्षी भादव्यात पावसानं डोळे वटारले. शेजारच्या बांध्यांत पाणी उभं होतं. यमुनाची बांधी दोन दिवसांत सगळं पिऊन बसली. पोटुशी यमुना बोडीवरून, गावच्या लहान तळ्यावरून, घागरी आणून धानाच्या बुंध्याबुंध्याशी ओतत राहिली, आठ दिवस. नवव्या दिवशी भरल्या घागरीसकट धुऱ्यावरून पडली. ती गेली आणि पोटातलं लेकरूही गेलं.

"पाणी वरून नाई पाहावं, साहेब," भागरथाबाई म्हणाली. "ते खाली कुठी जाते, ते पाहावं. मले हे लेकीनं शिकवलं."

दुसऱ्या दिवशी ती मला त्या शेतावर घेऊन गेली. मी गिरमिट फिरवलं. वर काळी चिकण माती आली, मग पिवळट रेती सुटून तिच्या पायांवर सांडली. तिनं वाकून त्या रेतीकडे पाहिलं. मग विचारलं, "हे तुमचं गिरमिट तवा असतं, तं मले समजलं असतं का?"

मी लगेच म्हणालो, "हो."

तिनं मान हलवली, पायांवरची रेती हळूच झटकली आणि पुढे चालू लागली. परतताना तिच्या घरी पाणी प्यायला थांबलो, तर देवाच्या कोनाड्यात एक मातीची बांगडी ठेवलेली होती. यमुनाच्या सासरच्या मातीची. वाळून दगडासारखी झालेली, आणि कुठेही तडा नव्हता.

पुढे माझी बदली झाली. भागरथाबाई गेल्याचं वर्षभरानं कळलं. त्या शेताची नोंद माझ्या अक्षरात सरकारी वहीत असेल: वर वीतभर काळी चिकण, खाली रेती, पाणी टिकत नाही. त्यात खोटं काही नाही. तिचं आणि यमुनाचं नाव मात्र त्यात कुठे नाही. इतका काळ लोटला, ती बाई नाही, ते धुरेही बहुधा मोडले असतील. तरी माती हातात घेतली की तिचा प्रश्न अजून माझ्यासमोर उभा राहतो, आणि दर वेळी 'हो' म्हणण्याच्या आधी मी थांबतो, जसं त्या दिवशी थांबायला हवं होतं.