टिकलीखालचा दिवा

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. पुण्यात जुन्याला मान असतो असं म्हणतात. तो मान दुकानांच्या पाट्यांना मिळतो, गाड्यांना नाही. मला बघून सोसायटीतली माणसं एवढंच विचारतात, "अजून आहे का ही?"

मी कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा नगर रस्त्याकडे काचेच्या इमारतींतल्या कंपन्या नुकत्याच उभ्या राहत होत्या. पाटबंधारे खात्यात नोकरीला असलेल्या दशरथरावांनी मला घरी आणलं. त्यांच्या साऱ्या घराण्यात मी पहिलीच मोटार, त्यामुळे माझे लाड फार झाले. रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसणं, रविवारी मंडई, चौदा एप्रिलला स्टेशनजवळ बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी जाणं. दशरथराव मोजकं बोलणारे. पण स्टिअरिंगमागे बसले की गुणगुणू लागत. मला ते फार आवडायचं.

त्यांच्या पत्नी वासंतीबाई डाव्या हाताला बसत. लग्नकार्याहून परतताना त्यांचं कपाळ खाजायला लागे. मग टिकली काढायची आणि समोर दिसेल तिथं चिकटवायची. घरी आरसा होता. गाडीत त्यांच्या हाताशी मीटरच्या काचेचा डावा कोपरा यायचा.

"अगं, मीटर आहे तो. आरसा नव्हे," दशरथराव म्हणत.

"असू दे. तुम्हाला रस्ता दिसतोय ना?"

घर आलं की त्या आठवणीने टिकली काढून नेत. शेवटची तेवढी राहिली. मरून रंगाची, चांगली जाड. त्यानंतर लगेचच वासंतीबाई आजारी पडल्या आणि त्यातच गेल्या. ती टिकली मग कुणी काढली नाही. दशरथरावांचं फडकंसुद्धा तिच्या कडेकडेने फिरायचं.

नेमका त्याच कोपऱ्यात माझा एक पिवळा दिवा आहे. इंजिनात काही बिघडलं की तो लागतो. बोलायला मला तेवढं एकच तोंड, आणि त्यावर टिकली बसली होती. ती काढावी असं मलाही कधी वाटलं नाही.

माझ्या इंजिनात कॅमशाफ्ट नावाचा एक दांडा फिरतो. तो कुठवर फिरला हे एक बोटभर सेन्सर माझ्या संगणकाला कळवत राहतो, आणि त्यावरून पेट्रोल कधी सोडायचं ते ठरतं. इतक्या वर्षांच्या उष्णतेने त्या सेन्सरची वायर आतल्या आत तुटली. वरून धडधाकट दिसायची. इंजिन तापलं की आतली टोकं सुटायची आणि मी जागच्या जागी बंद पडायचे. निवले की पुन्हा सुरू. गॅरेजमध्ये नेईपर्यंत मी थंड झालेली असे. तिथे प्लग बदलले, बॅटरी बदलली आणि गाडीत काही दोष नाही असं सांगून परत पाठवलं. गाडीत नाही म्हणजे चालवणाऱ्यात आहे, असं घरात सगळ्यांनी धरून टाकलं.

एकदा वाघोलीच्या चौकात मी अशीच बंद पडले. शेजारी दशरथरावांची मुलगी मैत्री होती. ती खराडीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करते. मागे हॉर्नचा गोंगाट सुरू झाला. एक स्कूटरवाला काचेशी थांबून म्हणाला, "आजोबा, गाडी चालवताय की ध्यानाला बसलाय?"

दशरथराव किल्ली फिरवत राहिले. त्यांचा सदरा घामाने भिजला. मी काही सुरू झाले नाही.

"बाबा, तुमचा पाय क्लचवरून लवकर सुटतोय," मैत्री म्हणाली.

"नीटच दाबला होता मी."

"तुम्हाला तसं वाटतं. या वयात रिफ्लेक्सेस स्लो होतात बाबा, इट्स ओके. पण आता चालवणं बंद करा."

ती रागाने बोलली नाही, काळजीनेच बोलली. घरी आल्यावर दशरथरावांनी किल्ली तिच्या हातात दिली. पुसायला मात्र ते रोज खाली येत. मंडईला बसने जाऊ लागले. मला फार वाईट वाटायचं. माझं दुखणं त्यांच्या नावावर जमा झालं होतं आणि मला सांगता येत नव्हतं.

असाच बराच काळ गेला. मग मैत्रीची स्वतःची गाडी दुरुस्तीला गेली, म्हणून तिने मला बाहेर काढलं. भर रस्त्यात मी तिच्याही पायाखाली बंद पडले. तिने मकबूल नावाच्या मेकॅनिकला बोलावलं. त्याने स्टिअरिंगखाली स्कॅनर जोडला.

"मॅडम, कॅमशाफ्ट सेन्सरचा दोष दाखवतोय. मीटरमध्ये दिवा लागला असेल ना?"

"नाही. कधीच नाही."

मकबूल वाकला. "इथे टिकली आहे," म्हणाला आणि त्याने हात मागे घेतला.

मैत्रीने नखाने हळूच कड उचलली. खाली दिवा जळत होता.

मी निवल्यावर मकबूलने मला सुरू केलं आणि ती वायर बोटाने नुसती हलवली. मी बंद पडले. "आतून तुटलीये. वायर आणि सेन्सर दोन्ही बदलतो."

"हे कधीपासून असेल?" मैत्रीने विचारलं.

"खूप जुनं आहे, मॅडम."

घरी जाऊन तिने दशरथरावांना सगळं सांगितलं, माफी मागितली आणि हाताला धरून खाली आणलं. ते माझ्या सीटवर बसले. किल्ली फिरवली. मी पहिल्याच फटक्यात सुरू झाले. पिवळा दिवा क्षणभर लागला आणि विझला. मित्रांनो, मी त्यांच्या गुणगुणण्याची वाट बघत होते.

त्यांनी हँडब्रेकवर हात ठेवला. तो तिथेच राहिला.

"तेव्हा तू म्हणालीस ते मला पटलं होतं गं," ते म्हणाले. "गाडी दुरुस्त झाली. ते पटलेलं मात्र जात नाही."

त्यांनी मला बंद केलं आणि वळसा घालून ते डाव्या बाजूला, वासंतीबाईंच्या जागेवर येऊन बसले. टिकली मैत्रीकडून मागून घेतली. मीटरवर नाही, या वेळी समोरच्या कप्प्याच्या झाकणावर लावली. मैत्रीने मला मंडईकडे वळवलं. वाटेत कुणी गुणगुणलं नाही.

माझी आता कसलीही तक्रार नाही. मी उत्तम चालते. एवढंच सांगते, घरातलं म्हातारं माणूस अडखळलं तर त्याच्या हातातून किल्ली घेण्याआधी एकदा माझ्यासारखीचं बॉनेट उघडून बघा.